‘रक्तातून अल्झायमर आधीच कळतो’ असा फॉरवर्ड आला तर काय करायचं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं आणि मग दिवसभर मशीनवर बसायचं, असं माझं काम. अलीकडे काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येतो. लेक किंवा सून मोबाइल पुढं करते आणि विचारते, "ताई, ही टेस्ट तुमच्याकडं होते का? दहा वर्षं आधी अल्झायमर कळतोय म्हणं." फॉरवर्डमध्ये ‘एपिजेनेटिक मार्कर’ (म्हणजे जनुकांवरच्या खुणा) असे शब्द असतात, डीएनएचा रंगीत गोफ असतो आणि खाली पॅकेजची किंमत असते.

विचारणाऱ्याच्या डोळ्यांत भीती असते. घरात कुणीतरी विसरायला लागलेलं असतं, नाहीतर आई त्यातच गेलेली असते आणि आता आपली पाळी का, ही धास्ती असते. म्हणून काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथं सविस्तर लिहिते. थोडक्यात एवढंच, की या खुणा खऱ्या आहेत आणि त्यांच्यावरचं संशोधन मोलाचं आहे, पण तुमच्या आईचं उद्या काय करायचं हे आज त्या सांगू शकत नाहीत. ते सांगणाऱ्या तपासण्या वेगळ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा स्वस्त आहेत आणि त्या एका क्रमानं करायच्या असतात.

आधी खूण म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्या शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो. तरी मेंदूची पेशी मेंदूचं काम करते आणि यकृताची यकृताचं. उसाच्या रानात पाट एकच असतो, पण कुठल्या सरीचं तोंड मातीनं बुजवायचं आणि कुठलं उघडायचं हे दारं धरणारा गडी ठरवतो. पेशीतही तसंच आहे. जनुक तेच राहतं, ते चालू ठेवायचं की बंद, हे त्याच्यावरच्या रासायनिक खुणा ठरवतात. त्यांना एपिजेनेटिक खुणा म्हणतात. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये वापरात आणला.

यांतली सगळ्यात जास्त तपासली गेलेली खूण म्हणजे मिथायलेशन. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षरावर मिथाइल नावाचा अणूंचा एक छोटा गट चिकटतो. माणसाच्या डीएनएत अशी खूण बसू शकेल अशा जागा सुमारे २ कोटी ८० लाख आहेत. त्या मोजायची युक्ती मला फार आवडते. डीएनएला सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया दिली, की खूण नसलेलं सायटोसिन बदलून दुसरंच अक्षर होतं आणि खूण असलेलं तसंच राहतं. मग मशीन दोन्ही अक्षरं मोजतं आणि टक्केवारी देतं. एखाद्या जागेपुढं ३८ टक्के लिहिलं असेल, तर त्या नमुन्यातल्या शंभर प्रतींपैकी ३८ प्रतींवर खूण होती, एवढाच त्याचा अर्थ. रोगाची शक्यता ३८ टक्के, असा तो नाही. पॅकेजवाल्यांच्या रिपोर्टमध्ये हे आकडे बघून लोक घाबरतात, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरा प्रकार हिस्टोन या प्रथिनांवरच्या खुणांचा. त्या रक्तावरून तपासायची सोय अजून नेहमीच्या लॅबपर्यंत आलेली नाही, तो सोडून देऊ. तिसरा मायक्रोआरएनएचा. साधारण २२ अक्षरांचे हे तुकडे जनुकाचा निरोप मधेच अडवतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. अल्झायमर झालेल्या मेंदूंत मिर-१३२ नावाचा मायक्रोआरएनए कमी सापडतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

आता अल्झायमरशी याचा संबंध. या आजारात मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात आणि टाऊ प्रथिनाच्या गुठळ्या होतात. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून हे सुरू झालेलं असतं. लवकर ओळखायची धडपड एवढ्यासाठीच. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मेंदूतल्या मिथायलेशनवरचे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध केले. एका अभ्यासात सातशेहून जास्त मेंदू तपासले होते. दोन्हीकडं एएनके-१ या जनुकाजवळच्या खुणा आजाराबरोबर बदललेल्या आढळल्या. एकमेकांपासून स्वतंत्र काम करणाऱ्यांना एकच जागा सापडणं ही मोठीच गोष्ट. पण ते मेंदू मृत्यूनंतर दान केलेले होते. जिवंत माणसाचा मेंदू असा काढून तपासता येत नाही, म्हणून सगळ्यांचं लक्ष रक्ताकडं वळलं. आणि अडचण तिथंच आहे.

रक्तात ही खूण का घसरते

मेंदूतली खूण रक्तात तशीच दिसेल असं नाही. बऱ्याच जागांवर दोन्हींचा मेळच बसत नाही. शिवाय रक्त म्हणजे काही एकाच जातीच्या पेशी नव्हेत. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट अशा पांढऱ्या पेशींचे वेगवेगळे आकडे तुम्ही बघता ना, त्या प्रत्येक जातीच्या खुणा वेगळ्या. परवा ताप येऊन गेलेल्या माणसाचे न्यूट्रोफिल वाढलेले असतात, मग पूर्ण रक्ताची मिथायलेशनची टक्केवारीही हलते. मेंदूत काहीच बदललेलं नसतं, फक्त पेशींचं प्रमाण बदललेलं असतं. संशोधनात आजारी आणि निरोगी लोकांमधला फरक बऱ्याचदा काही टक्क्यांचाच असतो. सर्दी-तापानं त्याच्यावर सहज पाणी फिरतं.

विडी-सिगारेटचंही तसंच. एएचआरआर जनुकावरची खूण धूम्रपान करणाऱ्यांत इतकी ठळक उतरते, की तिच्यावरून माणूस ओढतो की नाही हे सांगता येतं, आणि सोडल्यावर ती हळूहळू भरून येते. वयानंही खुणा बदलतात. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये फक्त ३५३ जागांच्या खुणांवरून माणसाचं वय बऱ्यापैकी जवळचं काढून दाखवलं. म्हणजे साठीतल्या आजारी लोकांची तुलना पन्नाशीतल्या निरोगी लोकांशी केली, तर मशीन वयच ओळखतं आणि आपण समजतो रोग ओळखला.

मायक्रोआरएनएचं दुखणं आम्हा रक्त घेणाऱ्यांच्या हातातलं आहे. मिर-१६ आणि मिर-४५१ हे तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, मग पट्टा फार वेळ आवळून ठेवला जातो, बारीक सुईनं जोरात ओढलं जातं, ट्यूब खसाखसा हलवली जाते आणि पेशी फुटतात. अशी ट्यूब मशीनमध्ये फिरवून बाहेर काढली, की वरचा पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा गव्हाळ पिवळा दिसायचा तो गुलाबी दिसतो. त्या ट्यूबमधला मायक्रोआरएनएचा आकडा मेंदूबद्दल काहीच सांगत नाही, सुई कशी मारली ते सांगतो. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत तासभर फिरून आलेल्या सॅम्पलचीही हीच गत. एवढ्या नाजूक तपासणीचं सॅम्पल नुसतं पाकिटात घालून मोठ्या शहरात पाठवणारे लोक मी बघितले आहेत. तो रिपोर्ट कितीही चकचकीत असला तरी माझा त्याच्यावर भरवसा नाही.

पॅकेज घ्यायच्या आधी हे विचारा

‘मेंदूत बघितलं की रक्तात?’ हा पहिला प्रश्न. पुढचा, ‘ज्यांना आत्ता काहीच त्रास नाही अशा लोकांचं रक्त घेऊन, मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून बघितलंय का?’ आजार झालेल्यांत सापडलेली खूण आजार होण्याआधी असतेच असं नाही. कदाचित ती आजारानं, औषधानं, वजन घटल्यानं नंतर आलेली असेल. तिसरं, वेगळ्या लोकांत, वेगळ्या लॅबमध्ये तोच निकाल परत मिळाला का? यातले बरेच अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर झालेले आहेत. आपल्याकडचं खाणं, बी-१२, मधुमेह, तंबाखू यांचा हिशेब त्यांत नाही.

आणि ‘८० टक्के अचूक’ असं लिहिलेलं असलं, तर कागद-पेन्सिल घ्या. एलएएसआय-डॅड या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडं साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे (अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार). म्हणजे हजारात ७४. टेस्ट आजारी माणूस ८० टक्के वेळा बरोबर पकडते आणि निरोगी माणूसही ८० टक्के वेळा बरोबर ओळखते असं धरू. मग ७४ पैकी ५९ सापडतील. उरलेल्या ९२६ निरोगी लोकांपैकी १८५ जणांनाही ती चुकून ‘आहे’ म्हणेल. एकूण २४४ जणांच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट पडेल आणि त्यांतल्या साधारण चारात एकालाच खरोखर आजार असेल. बाकीचे तिघे रात्रभर जागे राहतील. हा हिशेब मी काउंटरवर पावतीच्या पाठीवर करून दाखवते. तो बघितल्यावर माणसाची घाई कमी होते.

मग सुरुवात कुठून करायची

घरातूनच. एक वही करा आणि विसरण्याचे प्रसंग तारखेनिशी लिहा. ‘हल्ली विसरते’ असं मोघम लिहून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं आणि चष्मा कशासाठी असतो हे न उमगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीच्या कामाचा क्रम बिघडतोय का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, पैशांचा हिशेब अडतो का, तोच प्रश्न पुन्हापुन्हा येतो का, हे टिपा.

माझ्या आत्याचं सांगते. शिवाजी पेठेतल्या तिच्या घरी दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी व्हायची. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, कांदा-लसूण, खोबरं, तीळ, धने, सगळं प्रमाण तिच्या हाताला ठाऊक, कागदावर कधी नव्हतंच. एका वर्षी मी शेजारी बसले होते. तिनं खोबरं भाजून परातीत काढलं. थोड्या वेळानं दुसरी वाटी घेऊन किसायला लागली. म्हटलं, "आत्या, खोबरं झालं की भाजून." तिनं परातीकडं बघितलं. खोबरं तिला दिसत होतं, पण ते आपणच आत्ता भाजलंय हे तिच्या गावीही नव्हतं. घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं असतं. मी ते तारखेसकट लिहून ठेवलं. डॉक्टरांनी इतर पंचवीस गोष्टी बाजूला ठेवून त्या एका नोंदीवरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

वही घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडं जा. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहे. ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय आहे, तिथं मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा. जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, नुसती चिठ्ठी नको. झोपेच्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, ॲलर्जीची जुनी औषधं यांनीही डोकं गढूळ होतं. गेल्या काही महिन्यांत न्हाणीघरात घसरून पडल्या असतील तर तेही सांगा. डोक्याला मार लागून हळूहळू रक्त साठलं तरी विसरण्याची लक्षणं दिसतात, आणि ते स्कॅनमध्ये कळतं, त्यावर इलाजही होतो.

रक्ताच्या तपासण्या, पण योग्य रीतीनं

सीबीसी, साखर, किडनी, लिव्हर, सोडियम, कॅल्शियम, थायरॉइडची टीएसएच आणि बी-१२ एवढ्या तपासण्या डॉक्टर बहुतेक वेळा लिहून देतात. यांतल्या बी-१२ वर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एपिजेनेटिक खुणांशी तिचा थेट संबंध आहे. डीएनएवर चिकटणारा मिथाइल गट ज्या साखळीतून तयार होतो, ती साखळी बी-१२ आणि फोलेटशिवाय चालत नाही. म्हणजे बी-१२ कमी असलेल्या माणसाची मिथायलेशनची महागडी टेस्ट करायची आणि बी-१२ मात्र बघायचं नाही, हा उलटा कारभार झाला. बी-१२ च्या कमतरतेनं स्वतंत्रपणेही विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि वेळेत भरून काढलं तर त्यातलं बरंचसं सुधारतं. माळकरी घरं, जैन आणि लिंगायत घरं, म्हणजे जिथं मटण-अंडं चालत नाही, तिथं हे हमखास बघा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्यांनीही गाफील राहू नका. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि म्हातारपणी पोटात ते नीट शोषलं जात नाही.

‘ताकदीचं इंजेक्शन’ घेऊन मग तपासायला येऊ नका. त्या इंजेक्शनात बऱ्याचदा बी-१२ च असतं. आकडा भरमसाट येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन. बी-१२ चा आकडा २०० ते ३०० च्या (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) मधे अडकला तर डॉक्टरांना होमोसिस्टीनच्या तपासणीबद्दल विचारा; बी-१२ कमी पडलं की रक्तातलं हे रसायन वाढतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधीच सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळं थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो.

कानांचं विसरू नका. मी रक्त घ्यायला जाते त्या कित्येक घरांत ‘आजोबांना काही समजत नाही’ म्हणतात, आणि उजव्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोललं की आजोबा चोख उत्तर देतात. ऐकू न येणं हा डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटकही आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये असे १४ घटक दिले. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, दृष्टी कमी होणं, वाईट कोलेस्टेरॉल वगैरे त्यांत येतात. हे सगळे सांभाळले तर डिमेन्शियाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा पुढं ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे. महागड्या पॅकेजचे पैसे श्रवणयंत्राला घाला, असं मी उघड सांगते.

यानंतर येते स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी. ती तुमच्या माणसाच्या बोलीभाषेत आणि शिक्षणाला धरून घ्यायला सांगा. शाळेचं तोंड न बघितलेल्या आजीला इंग्रजी धाटणीचे प्रश्न विचारून नापास करण्यात काही अर्थ नाही. गरज पडली तर एमआरआय.

आत्याचं बी-१२ खूप कमी निघालं. इंजेक्शनं झाली, पायाच्या मुंग्या गेल्या, अंगात तरतरी आली. विसरणं मात्र वाढतच गेलं. मग न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय बघितला आणि अल्झायमरचं निदान झालं. बी-१२ भरून काढलं त्याचा मला आजही आनंद आहे, तिचं चालणं त्यामुळंच टिकलं.

रक्तातली जी टेस्ट खरंच पुढं आली आहे ती

ती एपिजेनेटिक नाही. ती टाऊ प्रथिनाची आहे, पी-टाऊ २१७. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा १-४२ यांचं गुणोत्तर काढणाऱ्या एका रक्ततपासणीला मान्यता दिली. पण कुणासाठी ते वाचा: ५५ वर्षं आणि पुढचे, ज्यांना लक्षणं आहेत आणि जे तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत असे. सहज म्हणून, धडधाकट माणसानं करून घ्यायची ती टेस्ट नव्हे. किडनी कमकुवत असली तर पी-टाऊ जास्त दिसू शकतं, हेही डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्या. एपीओई जनुकाची तपासणी तर आणखी जपून करा. त्याचा ई-४ प्रकार धोका वाढवतो, पण तो असलेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही. शिवाय तो रिपोर्ट एकट्या आईचा राहत नाही, मुलाबाळांबद्दलही बोलतो. आधी घरात बसून ठरवा, कुणाला कळायला हवंय आणि कुणाला नको.

तरीही एपिजेनेटिक अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर

जरूर घ्या. तुमच्यासारख्यांनी रक्त दिल्याशिवाय आपल्या लोकांचे आकडे तयारच होणार नाहीत. फक्त तो संशोधनाचा अभ्यास असावा, नैतिक समितीची मंजुरी असलेला, आणि त्यासाठी तुमच्याकडून पैसे मागणारा नसावा. संमतिपत्र मराठीतून मागा. निकाल तुम्हाला कळवणार का, नमुना किती वर्षं ठेवणार, नाव काढून टाकणार का आणि मधेच बाहेर पडता येईल का, हे त्यात बघा.

रक्त देताना ताप, सर्दी, दातदुखी काहीही असेल तर दोन-तीन आठवडे पुढची तारीख मागा. तंबाखू, विडी, मिश्री, दारू जे असेल ते खरं लिहा, सासूबाईंसमोर लाज वाटत असेल तर बाजूला घेऊन सांगा. औषधांची पूर्ण यादी द्या. डीएनएसाठी बहुधा जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब वापरतात. रक्त घेतल्यावर ती अलगद उलटी-सुलटी करायची असते. कुणी खसाखसा हलवत असेल तर बिनदिक्कत थांबवा, आम्ही राग मानत नाही. सीबीसीही त्याच वेळी घेणार का ते विचारा. पेशींचं प्रमाण माहीत असेल तरच त्या टक्केवारीचा अर्थ लागतो.

आणि स्मरणशक्तीची चाचणी सहा महिन्यांनी परत करून घ्या, शक्यतो त्याच माणसाकडून, त्याच भाषेत, सकाळच्या वेळी, कानाचं यंत्र आणि चष्मा लावून. पहिला गुणांचा कागद जपून ठेवा आणि दुसऱ्या वेळी सोबत न्या.